सहा दिवस कमी

अमेरिकेतल्या कुठल्याही मध्यम गावात बेसबॉलचं एक मैदान असतंच. त्याला कुठल्यातरी बँकेचं नाव असतं, बिअर गार असते, हॉटडॉग गरम असतो, आणि दूर कुंपणालगतच्या बाकावर सूर्यफुलाच्या बिया चघळत, सालं थुंकत एक पस्तिशी ओलांडलेला गृहस्थ बसलेला असतो. त्याच्या दोन्ही बाजूंना बसलेल्या पोरांना अजून धड मिसरूड फुटलेलं नसतं. पोरं गाड्यांच्या गप्पा मारत असतात आणि हा घरकर्जाच्या व्याजदराबद्दल बोलत असतो. हा लेफ्टी. त्याचं खरं नाव कार्यक्रमपत्रिकेत छापलेलं असतं, पण तिथवर कुणी जात नाही. गावोगावच्या मैदानांवर मला असे जेवढे दिसले त्या सगळ्यांचं मिळून मी हे एक नाव ठेवलंय. डावखुऱ्या पिचरला तिथे सगळेच लेफ्टी म्हणतात, त्यामुळे कुणाला राग यायचं कारण नाही.

पिचर म्हणजे तिथला गोलंदाज, पण रनअप नसलेला. मातीच्या दहा इंची उंचवट्यावर उभं राहायचं आणि साडेसाठ फुटांवरच्या फलंदाजाकडे टप्पा न पाडता चेंडू फेकायचा, म्हणजे सगळेच फुलटॉस. आणि तेही कोपर खुशाल वाकवून. आपल्याकडे ज्या गोष्टीसाठी अंपायर नो-बॉल देतो, प्रयोगशाळेत कोपराचे अंश मोजतात आणि गल्लीतली पोरंसुद्धा 'फेकी, फेकी' म्हणून ओरडतात, त्याच गोष्टीचा तिथे पगार मिळतो.

पगार किती, ते पुढे येईलच. आधी जिना समजून घ्यावा लागेल. वरच्या मजल्यावर मेजर लीग, म्हणजे ३० क्लब. खेळाडूंच्या भाषेत हा मजला म्हणजे 'शो'. प्रत्येक क्लबच्या खाली चार पायऱ्या: सिंगल ए, हाय ए, डबल ए आणि ट्रिपल ए. म्हणजे १२० संघ, आणि सगळ्यात तळाला नवशिक्यांचे आखाडे वेगळे. एवढ्या पोरांमधून शोपर्यंत पोचतो तो दहातला एखादा. लेफ्टी कॉलेज संपवून २२व्या वर्षी या जिन्यावर चढला. निवडीच्या ३१व्या फेरीत त्याचं नाव पुकारलं गेलं. आता ती निवड २० फेऱ्यांतच आटोपते, म्हणजे आजच्या नियमाने तो आपल्या काकांच्या टायरच्या दुकानात बसला असता. सही केल्याबद्दल त्याला हजार डॉलर मिळाले. त्याने ते काकांकडेच नेऊन दिले आणि गाडीचे चारही टायर बदलून घेतले, कारण जायचं होतं लांब.

त्यानंतर हा माणूस ज्या-ज्या संघांतून खेळला त्यांची यादी ऐकताना हसू आवरणं कठीण. वरच्या मजल्यावर यँकीज, डॉजर्स, कार्डिनल्स अशी भारदस्त नावं असतात. खालच्या मजल्यांवर गावातल्या पोराटोरांनी टोप्या विकत घ्याव्यात म्हणून वाटेल ती नावं ठेवतात. मॉन्टगोमेरीचे बिस्किट्स आहेत. तिथे दोन इनिंगांच्या मधे हवेच्या तोफेतून प्रेक्षकांवर खरीखुरी बिस्किटं उडवतात. हार्टफर्डचे यार्ड गोट्स, जॅक्सनव्हिलचे जंबो श्रिम्प, एल पासोचे चिवावाज, आणि अलाबामात ट्रॅश पँडाज, म्हणजे कचरापेटीत तोंड घालणारं रॅकून. घर घ्यायचं ठरलं तेव्हा लेफ्टी कर्जासाठी बँकेत गेला. समोरच्या बाईंनी गेल्या पाच वर्षांतले मालक विचारले. लेफ्टीने सरळ चेहऱ्याने सांगितलं, "आधी बोकडं, मग बिस्किटं, मग कोळंबी, आणि सध्या कचऱ्यातलं रॅकून." बाईंनी पेन खाली ठेवलं आणि बायको काय करते ते विचारलं. बायको नर्स आहे. कर्ज मंजूर झालं.

आता प्रश्न असा की क्लब अशा माणसाला ठेवून का घेतात? उत्तर फारसं सुखावह नाही. क्लबच्या दृष्टीने खालच्या मजल्यावरच्या प्रत्येक संघात खरे मोलाचे खेळाडू दोन-तीनच असतात. लाखो डॉलर देऊन आणलेली ती पोरं रोज खेळली पाहिजेत, वाढली पाहिजेत. लग्न असतं नवरा-नवरीचं, पण पंगत वाढायला माणसं लागतात. लेफ्टी हा वाढप्या. आठव्या इनिंगमध्ये संघ नऊ धावांनी मागे असतो. सामन्यात काही उरलेलं नसतं, पण नियमाप्रमाणे उरलेले सहा गडी तर बाद करायलाच हवेत. त्यासाठी एकोणीस वर्षांच्या पोराचा तीस लाखांचा खांदा झिजवायचा? छे. लेफ्टीला बोलवा. लेफ्टी येतो, मार खातो, सहा गडी काढतो, आणि दुसऱ्या दिवशी 'हात कसा आहे' विचारलं की 'झकास' म्हणतो. बेसबॉलमध्ये याला इनिंगा खाणं म्हणतात. लेफ्टीने आयुष्यात जेवढ्या इनिंगा खाल्ल्या तेवढं त्याला कुणी जेवायला घातलेलं नाही.

इथे कुणाला पद्माकर शिवलकर आठवले तर त्याने तो मोह आवरावा. शिवलकरांनी प्रथम श्रेणीत ५८९ बळी घेतले, आणि बेदींच्या काळात जन्मल्यामुळे कसोटीची टोपी त्यांना मिळाली नाही. खोट त्यांच्या चेंडूत नव्हती. लेफ्टीचं तसं नाही. त्याच्या वाटेत कुणी बेदी उभा नाही, त्याचा फास्टबॉलच उभा आहे. हा फास्टबॉल ताशी ८८ मैलांनी जातो, म्हणजे साधारण १४२ किलोमीटर. रणजीत एवढा वेग असलेल्या पोराला निवड समिती शोधत येईल. पण शोमधला सरासरी फास्टबॉल ९४ मैलांचा आहे, आणि तिथल्या फलंदाजाला ८८चा चेंडू म्हणजे पोस्टाने आलेलं पत्र. लेफ्टीला हे मान्य नाही. त्याचं म्हणणं, "माझा चेंडू हळू नाही. तो उशिरा पोचतो. फलंदाज गोंधळतो."

फलंदाज कधी-कधी खरंच गोंधळतो. तसं नसतं तर चौदा वर्षं निभावला नसता. शिवाय पदरात डावा हात. पिचर डावखुरा असेल आणि नाडी लागत असेल तर त्याला नोकरी मिळते, असा बेसबॉलमधला जुना विनोद आहे. डावखुऱ्या फलंदाजाला डावखुऱ्याचा चेंडू खेळणं जड जातं, म्हणून पूर्वी एकाच फलंदाजापुरता असा पिचर आणायची पद्धत होती. यायचं, तीन-चार चेंडू टाकायचे, टोपी सारखी करत परत जायचं. लेफ्टीच्या मते मनुष्यजातीने शोधलेल्या नोकऱ्यांत याहून चांगली नोकरी नाही. २०२०मध्ये नियम आला: आत आलेल्या पिचरने निदान तीन फलंदाजांना तरी चेंडू टाकलेच पाहिजेत, नाहीतर इनिंग संपवली पाहिजे. लोकांना त्या वर्षाच्या महामारीची आठवण आहे. लेफ्टीला या नियमाची आहे.

दर फेब्रुवारीत फ्लोरिडा नाहीतर अ‍ॅरिझोनात सराव शिबिर सुरू होतं, आणि दर फेब्रुवारीत लेफ्टी भेटेल त्याला एकच वाक्य ऐकवतो: "या वर्षी हात जेवढा हलका वाटतोय तेवढा कधीच वाटला नव्हता." शिवाय हिवाळ्यात तो एक नवा चेंडू शिकून आलेला असतो. एका वर्षी कटर, एका वर्षी स्प्लिटर, आणि आता ज्याची फॅशन आहे तो स्वीपर. एका वर्षी त्याने नकलबॉल आणला. हा चेंडू बोटांच्या टोकांनी धरून अजिबात न फिरवता सोडायचा असतो, मग तो हवेत स्वतःच्या मनाने झुलत जातो. आर. ए. डिकी नावाचा पिचर वर्षानुवर्षं खालच्या मजल्यांवर भटकला, मग या चेंडूच्या मागे लागला आणि २०१२ साली, वयाच्या ३७व्या वर्षी, सर्वोत्तम पिचरला मिळणारा साय यंग पुरस्कार घेऊन मोकळा झाला. डिकीने हे साधलं ही लेफ्टीसारख्या हजारोंच्या बायकांवर आलेली आपत्तीच म्हणायची. लेफ्टीचा नकलबॉल दोन आठवडे चालला. तो कुठे जाणार हे फलंदाजाला कळत नव्हतं, लेफ्टीलाही नव्हतं, आणि शेवटी फलंदाजामागच्या कॅचरच्या अंगठ्याचं नख गेलं तेव्हा कोचने विषय संपवला.

डाव्या कोपराच्या आतल्या बाजूला एक लांब व्रण आहे. लेफ्टी तो लहान मुलांना हौसेने दाखवतो. १९७४ साली फ्रँक जोब नावाच्या शल्यविशारदाने टॉमी जॉन या पिचरची मनगटाजवळची कंडरा काढून कोपरात बसवली. त्याआधी कोपर असं गेलं की पिचर संपला, हे ठरलेलं होतं. टॉमी जॉन परत आला आणि त्यानंतर १६४ सामने जिंकला, तेव्हापासून शस्त्रक्रियेला त्याचंच नाव आहे. लेफ्टीची झाली २६व्या वर्षी. एक अख्खा हंगाम गेला. त्यावर त्याची टिप्पणी: "आमच्या धंद्यात बदली कुणालाच चुकत नाही. कंडरेलासुद्धा नाही."

पगाराचं मात्र हसण्यावारी नेता येत नाही, म्हणून थोडक्यात उरकतो. लेफ्टीने सुरुवात केली तेव्हा खालच्या पायऱ्यांवर महिन्याला अकराशे डॉलरच्या आसपास मिळत, तेही हंगाम चालू असेल तेवढेच महिने. एका खोलीत पाच जण हवेच्या गाद्यांवर झोपत. सामन्यानंतर जेवण म्हणजे शेंगदाण्याचं लोणी आणि जॅम लावलेला पाव. २०१८ साली अमेरिकन संसदेने २,२३२ पानांच्या खर्चाच्या विधेयकात एक तरतूद गुपचूप घातली. नाव दिलं अमेरिकेचा आवडता खेळ वाचवण्याचं. मतलब एवढाच की ही पोरं आठवड्याला ४० तासांपलीकडे कितीही राबली तरी जादा मजुरी द्यायची गरज नाही. पुढे जुन्या खेळाडूंनी लावलेला खटला मिटवताना २०२२ साली लीगला साडेअठरा कोटी डॉलर मोजावे लागले. त्याच वर्षी क्लबांनी राहायची सोय केली, खेळाडू युनियनमध्ये गेले, आणि २०२३च्या करारात ट्रिपल एचा वार्षिक पगार साडेसतरा हजारांवरून ३५,८०० डॉलरवर गेला. लेफ्टीने युनियनच्या कार्डावर सही करताना म्हटलं, "दहा वर्षं जमिनीवर झोपलो. पाठ गेल्यावर पलंग आला." पोरं हसली. त्यांना पलंग पहिल्या दिवसापासून होता.

हिवाळ्याचे पाच महिने म्हणजे दुसरा संसार. काही वर्षं तो डोमिनिकन रिपब्लिक आणि मेक्सिकोतल्या हिवाळी लीगमध्ये खेळला. त्यातून स्पॅनिश शिकला: जेवण मागण्यापुरती आणि पंचाची आई काढण्यापुरती. डिसेंबरात गोदामात नाताळची पार्सलं भरतो. 'हात सांभाळून,' असं तिथला मुकादम त्याला कधीच म्हणत नाही. आणि शनिवारी सकाळी एका शेडमध्ये शेजारपाजारच्या पोरांना पिचिंग शिकवतो. नॉर्थ कॅरोलायनाच्या राले-डरहॅम भागात आपली आयटीवाली मंडळी भरपूर, त्यामुळे शिष्यांत एक दहा वर्षांचा मराठी मुलगाही आहे. बाबा कोथरूडचे. पहिल्याच दिवशी बाबांनी खुर्ची ओढून लेफ्टीची तोंडी परीक्षा घेतली.

"तुम्ही मेजर लीगमध्ये होतात?"

"होतो."

"किती वर्षं?"

"दिवस विचारा. सदतीस."

बाबांच्या चेहऱ्यावर फी कमी करून मागावी की काय असा विचार चमकून गेला.

"ह्यातून कॉलेजची स्कॉलरशिप मिळते का?"

"मिळते. मला मिळाली होती."

"विषय कुठला होता?"

"भूगोल."

बाबांना हे उत्तर बरं वाटलं नाही, पण पुढच्या शनिवारी मुलगा आला. लेफ्टीच्या मते त्याच्या मनगटाला चांगला झटका आहे. वाईट एवढंच की तो उजवा आहे.

सदतीस दिवसांचा तपशील लेफ्टीला तोंडपाठ आहे: १९, ११ आणि ७. पहिल्या वेळचं सांगायला हवं. ट्रिपल एमध्ये सामना संपल्यावर मॅनेजरने ऑफिसात बोलावलं. मॅनेजर ऑफिसात दोनच कारणांनी बोलावतो: वर पाठवायला किंवा घरी पाठवायला. घरी पाठवायचं असेल तर तो उठून दार लावतो. लेफ्टी आत गेला आणि मॅनेजर उठला. लेफ्टीने मनातल्या मनात काकांना फोन लावला. मॅनेजरने दार लावलं, कारण बाहेर ड्रायर चालू होता आणि ऐकू येत नव्हतं. "उद्या दुपारी एकला वरच्या क्लबात हजर व्हायचं," तो म्हणाला, "आणि रडायचं असेल तर इथेच रडून घे, बाहेर पोरं आहेत." लेफ्टी बाहेर येऊन बायकोला फोन करायला गेला, तर ती रात्रपाळीत. निरोप वॉर्डातल्या दुसऱ्या नर्सने घेतला. ती बेसबॉल बघत नव्हती. तिने कागदावर लिहून ठेवलं: 'नवऱ्याला शोला जायचंय, उशीर होईल.'

शोमध्ये सामान दुसरे लोक उचलतात, विमान क्लबचं असतं आणि जेवणाला तीन प्रकारचे मासे असतात. २०२५च्या दराने किमान वार्षिक पगार सात लाख ६० हजार डॉलर, म्हणजे हंगामातल्या दिवसाला चार हजारांच्या आसपास. आपला माणूस खाली तेवढ्यासाठी महिना-सव्वा महिना घासतो. एकोणीस दिवसांत लेफ्टीने सात इनिंगा टाकल्या. त्यातला एक गडी पुढे फार मोठा खेळाडू झाला. लेफ्टीने त्याला बाद केलं होतं, आणि तो चेंडू आता दिवाणखान्यात काचेच्या पेटीत आहे. त्याच गड्याने त्याला पुढच्या वेळी स्टेडियमबाहेर मारलं. तो चेंडू अर्थातच मिळाला नाही. मग ज्याच्या जागी लेफ्टीला बोलावलं होतं तो दुखापतीवाला परत आला, यादीत त्याचं नाव चढवायला एक नाव उतरवावं लागलं, आणि ते कुणाचं हे वेगळं सांगायला नको. अशा वेळी क्लब जो इंग्रजी शब्दप्रयोग वापरतो तो ऐकून बढती झाल्यासारखं वाटतं, आणि ही हकालपट्टी आहे हे माणूस सामान बांधायला लागल्यावर त्याच्या लक्षात येतं.

तर सदतीस. आता शोमध्ये एक दिवस जरी काढला तरी आयुष्यभर आरोग्यविम्याचा हक्क मिळतो, आणि ४३ दिवस भरले की पेन्शन लागू होते. सदतीस आणि त्रेचाळीस यांच्यात सहाचा फरक आहे हे कळायला भूगोलाची पदवी पुरते. गेली पाच वर्षं लेफ्टीची सगळी कारकीर्द या सहा दिवसांसाठी चालली आहे. लोकांना वाटतं त्याला अजून स्वप्नं पडतात, खेळावरचं प्रेम त्याला सोडवत नाही वगैरे. प्रेम आहेच, पण आमच्या चाळीतल्या कुठल्याही सरकारी नोकराने लेफ्टीला एका मिनिटात ओळखलं असतं. सहा दिवसांसाठी पेन्शन सोडून घरी बसणारा माणूस मूर्ख, हे सांगायला बेसबॉल कळावं लागत नाही.

या सगळ्यात ज्याची कुठे नोंद होत नाही ते लेफ्टीचं खरं काम कुंपणालगतच्या त्या बाकावर चालतं. तिथे भिंतीवर एक फोन असतो. तो वाजला की सगळ्यांचे जबडे थांबतात. कोच उचलतो, ऐकतो, आणि म्हणतो, "लेफ्टी." लेफ्टी उठतो, जाकीट काढतो, तोंडातल्या बिया थुंकतो, खांदा दोनदा गोल फिरवतो. पहिले चार चेंडू नुसते सोडून देतो. पाचव्याला कंबर वळते. आठव्याला कॅचरच्या ग्लव्हमधून तो सुका, नेमका आवाज येतो आणि तेवढ्यात मैदानावरचा पोरगा कसाबसा तिसरा गडी बाद करतो. इनिंग संपते. फोन पुन्हा वाजतो. "बस खाली." लेफ्टी जाकीट घालतो, बियांची नवी पुडी फोडतो. एका हंगामात हे असं कितीदा होतं ते विचारू नका. खेळात हल्ली प्रत्येक चेंडू दर मिनिटाला किती गिरक्या घेतो हेही यंत्र मोजतं, पण या चेंडूंचा हिशेब कुणी ठेवत नाही. खांदा मात्र ठेवतो.

डरहॅमच्या मैदानात भिंतीवर एक भला मोठा लाकडी बैल आहे. १९८८च्या 'बुल डरहॅम' या चित्रपटासाठी जुन्या मैदानात तो उभा केला, लोकांना आवडला आणि परंपरा चालू राहिली. फलंदाजाने बैलाला चेंडू मारला तर स्टेक, पायाखालच्या गवताला मारला तर सॅलड. घरच्या गड्याने होमरन मारली की बैलाचे डोळे लाल होतात, शेपूट हलते आणि नाकपुड्यांतून धूर निघतो. पाहुण्या संघाकडून खेळताना लेफ्टीने या बैलाला इतक्यांदा धूर सोडायला लावलाय की तिथला तंत्रज्ञ त्याला नावाने ओळखतो. एका गड्याने तर थेट बैलालाच मारला. "त्याला स्टेक मी खाऊ घातलं," असं लेफ्टी सांगतो, आणि त्यात थोडा यजमानाचा अभिमान असतो.

हा चित्रपट काढणारा रॉन शेल्टन स्वतः खालच्या मजल्यांवर खेळलेला. त्यातल्या बेफाम पिचरची कल्पना त्याला स्टीव्ह डाल्कोव्स्कीच्या गोष्टींवरून सुचली. डाल्कोव्स्की डावखुरा. त्याच्याइतका वेगाने चेंडू टाकणारा दुसरा पाहिला नाही असं जुनी माणसं शपथेवर सांगत. १९६० साली स्टॉक्टनला त्याने १७० इनिंगांत २६२ जणांना फेकून बाद केलं आणि नेमक्या २६२ जणांना दिशाहीन चेंडू टाकून फुकट पाठवलं. १९६३च्या शिबिरात वर न्यायचं जवळजवळ ठरलं, आणि कोपर गेलं. शोमध्ये त्याचा एकही दिवस नाही. या माणसाबद्दल बोलताना लेफ्टी विनोद करत नाही. त्याच्याकडे सदतीस दिवस आहेत.

आपल्याकडच्याही एकाची चौकशी तो करतो. २००८ साली एका टीव्ही स्पर्धेतून उत्तर प्रदेशातले भालाफेक करणारे रिंकू सिंग आणि दिनेश पटेल ही दोन पोरं पिट्सबर्ग पायरेट्सने उचलली. आयुष्यात कधी बेसबॉल न पाहिलेली. रिंकू डावखुरा. तो सिंगल एपर्यंत चढला, हात दुखावला, आणि पुढे जटा वाढवून वीर महान या नावाने अमेरिकन कुस्तीच्या तमाशात उतरला. लेफ्टीला त्याचं कौतुक आहे. "शहाणा," तो म्हणतो. "निकाल आधीच ठरलेला असेल तर हात दुखत नाही."

बायकोबद्दल लिहायचं तर वेगळा लेख होईल. या धंद्यातल्या बायकांची सत्त्वपरीक्षा नवी नाही. १९८१ साली पॉटकेट आणि रोचेस्टर यांच्यात ३३ इनिंगांचा सामना झाला. पहाटे चार वाजून सात मिनिटांनी तो थांबवला तेव्हा ३२ इनिंगा झाल्या होत्या, १९ प्रेक्षक उरले होते, आणि थंडीपायी खेळाडू मोडक्या बॅटी जाळून शेकत होते. उरलेली एक इनिंग जूनमध्ये अठरा मिनिटांत आटोपली. पॉटकेटचा पिचर लुईस अपोन्टे आपलं काम उरकून पहाटे तीनच्या सुमाराला घरी गेला, तर बायको दार उघडेना. मैदानावरून आलो म्हणाला, तर म्हणे पहाटे तीनपर्यंत कोण बेसबॉल खेळतं? उद्या पेपरात वाच, असं त्याने सांगितलं. आणि सामना इतका लांबला की सकाळच्या पेपरात बातमीच नव्हती. लेफ्टीची बायको दार उघडते. पण गेल्या हिवाळ्यात तिने फ्रिजवर टायरच्या दुकानाची जाहिरात चिकटवली: 'मॅनेजर पाहिजे. अनुभवाची अट नाही.' लेफ्टी दूध काढताना ती रोज वाचतो.

त्याच्या लॉकरच्या दाराला मात्र एकच फोटो आहे, रिच हिलचा. हा देवही डावखुरा. २०१५ साली, ३५ वर्षांचा असताना, कुठल्याही क्लबला नको होता म्हणून हिल लाँग आयलंड डक्सकडून स्वतंत्र लीगमध्ये उतरला, म्हणजे जिन्याच्याही बाहेर. तिथे दोन सामन्यांत ११ इनिंगांत २१ जणांना फेकून बाद केलं. बॉस्टन रेड सॉक्सने बोलावून घेतलं, आणि पुढच्या वर्षअखेरीस डॉजर्सनी तीन वर्षांचे चार कोटी ८० लाख डॉलर दिले. २०२५च्या जुलैत, ४५व्या वर्षी, तो कॅन्सस सिटी रॉयल्सकडून उतरला. हा त्याचा चौदावा क्लब. एडविन जॅक्सनच्या विक्रमाशी बरोबरी झाली. दोन सामन्यांनंतर रॉयल्सनी त्याला यादीतून काढलं.

ही बातमी वाचून लेफ्टीच्या बायकोने कपाळावर हात मारला. लेफ्टीने हिशेब केला. दोन सामने म्हणजे मधल्या विश्रांतीसकट आठवडाभर. त्याला हवेत सहाच दिवस, आणि तो अजून ३६चाच आहे.